काढून टाकलेले ॲप पुन्हा फोनमध्ये येत असेल तर: बाहेरून आलेल्या एपीके फाइलचा पूर्ण बंदोबस्त

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. व्हॉट्सॲपवर ओळखीच्या माणसाकडून एक एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, येते आणि तिचे नाव ‘आरटीओ ई-चलन’, ‘पीएम किसान यादी’, ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘वीजबिल थकबाकी’ असे काहीतरी असते. फाइलवर बोट ठेवले की काहीतरी इन्स्टॉल होते, क्षणभर एक कोरा पडदा दिसतो आणि पुढे काहीच घडत नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तीच फाइल आपल्या नावाने सगळ्या गटांत जाऊ लागते, बँकेचे एसएमएस येईनासे होतात आणि फोन तापू लागतो. माणूस फोन घेऊन एम. जी. रोडवरच्या एखाद्या दुकानात जातो, तिथे ते ॲप शोधून काढून टाकले जाते, आणि काही दिवसांनी तोच फोन त्याच तक्रारीसह पुन्हा काउंटरवर येतो.

मी नाशिकमध्ये मोबाइल दुरुस्तीचे काम करतो आणि अशा परत आलेल्या फोनांकडे मुद्दाम अधिक वेळ देतो, कारण त्यांच्यामागे अनेकदा एखाद्या कुटुंबाची हंगामाची कमाई अडकलेली असते. आपल्या जिल्ह्यात हा प्रकार सहज पसरतो, याला कारणही आहे. लासलगावचे कांद्याचे भाव, द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचे फवारणीचे वेळापत्रक, हवामानाचा अंदाज, सोसायटीच्या देखभाल खर्चाचा हिशेब, हे सारे आपल्याकडे व्हॉट्सॲपच्या गटांतूनच फाइलच्या रूपात फिरते. फाइल आली की उघडायची, ही सवय कामाचा भाग होऊन बसली आहे. त्यामुळे निफाड किंवा दिंडोरीच्या एखाद्या बागायतदाराने चुलतभावाच्या नंबरवरून आलेली फाइल उघडली, तर त्याला निष्काळजी म्हणणे मला योग्य वाटत नाही.

पुढे वाचण्यापूर्वी एक गोष्ट. अशी फाइल नुकतीच उघडली गेली असेल किंवा खात्यातून पैसे गेले असतील, तर आधी त्या फोनचा मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करावा, शक्य असल्यास तो विमान मोडवर ठेवावा, आणि दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तसेच बँकेच्या मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही नोंदवता येते. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण या दोन्ही पोलीस दलांची स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आहेत, त्यामुळे आपले गाव ज्या हद्दीत येते तिथे जावे. पैसे गेल्यावर पहिले काही तास सर्वात मोलाचे असतात, कारण रक्कम ज्या खात्यात गेली तिथून पुढे काढली जाण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता त्याच काळात असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातही ग्राहकाचे दायित्व तो किती लवकर कळवतो यावर ठरते: ग्राहकाच्या चुकीमुळे व्यवहार झाला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. म्हणून फोन साफ करण्याआधी कळवणे झालेच पाहिजे. संदेशाचे, फाइलच्या नावाचे आणि पाठवणाऱ्या नंबरचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, कारण फोन पूर्ण पुसल्यावर हा पुरावा हाती राहत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. काढलेले ॲप परत का येते?

बहुतेक प्रकरणांत ते परत आलेले नसते, कारण ते पूर्ण गेलेलेच नसते. हरळी वरून कापली तरी मुळापासून पुन्हा फुटते, तसे हे होते. या फाइली सहसा दोन टप्प्यांत काम करतात. पहिले ॲप, जे आपण स्वतः इन्स्टॉल करतो, ते केवळ वाहक असते; त्याच्याकडे धोकादायक वाटावी अशी परवानगी फारशी नसते. उघडल्यावर ते ‘अपडेट आवश्यक आहे’ असा पडदा दाखवते आणि त्यावर बोट ठेवताच दुसरे ॲप इन्स्टॉल करते. खरे नुकसान हे दुसरे ॲप करते आणि त्याला होम स्क्रीनवर चिन्हच नसते. दुकानात जे काढले जाते ते बहुधा या दोहोंपैकी एकच असते. दुसरे काढले आणि वाहक राहिला, तर तो पुन्हा तेच ‘अपडेट’ मागतो. वाहक काढला आणि दुसरे राहिले, तर तक्रार तशीच चालू राहते.

या दोन टप्प्यांमागे एक हिशेब आहे. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून, फाइलमधून थेट इन्स्टॉल केलेल्या ॲपला अ‍ॅक्सेसिबिलिटी (पडदा वाचून आपल्या वतीने बटणे दाबण्याची मुभा) आणि फोनवर येणाऱ्या सूचना, म्हणजे नोटिफिकेशन, वाचण्याची परवानगी सहजासहजी देता येत नाही. ते सेटिंग राखाडी दिसते आणि ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ असा इशारा येतो. मात्र एखाद्या ॲपने ॲप स्टोअर वापरतात तशा पद्धतीने दुसरे ॲप इन्स्टॉल केले, तर हा अडसर त्याला बऱ्याच फोनमध्ये लागत नाही. वाहक ॲप याच फटीचा उपयोग करतो.

दुसरे कारण याहून साधे आहे आणि तेच मला सर्वाधिक वेळा आढळते. अँड्रॉइड ७ पर्यंत ‘अननोन सोर्सेस’ हे एकच बटण संपूर्ण फोनसाठी असे. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपला स्वतंत्रपणे द्यावी लागते. फाइल उघडताना फोन विचारतो की व्हॉट्सॲपला या स्रोतातून ॲप इन्स्टॉल करू द्यायचे का, आणि घाईत ‘हो’ म्हटले जाते. त्यानंतर ती परवानगी कोणीही काढून घेत नाही. वाहक ॲपलाही तीच परवानगी दिली गेलेली असते. पुढच्या वेळी नव्या नावाची फाइल आली की फोन हा प्रश्न पुन्हा विचारत नाही.

तिसरे कारण फोनच्या बाहेरचे आहे. नवा फोन घेतल्यावर केबल किंवा वायफायच्या साह्याने जुन्या फोनची हुबेहूब नक्कल करणारी ॲप वापरली, तर बाहेरून आलेले ॲपही नव्या फोनमध्ये जाऊ शकते. ‘नवा फोन घेतला तरी तेच’ अशी तक्रार आली की मी हेच आधी विचारतो.

काढण्याची पद्धत सांगतो. क्रम बदलू नये.

प्रथम फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा. बहुतेक फोनमध्ये पॉवर बटण दाबल्यावर दिसणाऱ्या ‘पॉवर ऑफ’ या पर्यायावर बोट काही क्षण दाबून धरले की सेफ मोडबद्दल विचारणा होते, आणि फोन सुरू झाल्यावर पडद्याच्या तळाशी ‘सेफ मोड’ अशी अक्षरे दिसतात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये बटणांचा क्रम वेगळा असतो. हा टप्पा का वगळू नये, ते एकदा पाहिले की लक्षात राहते. अशा फोनमध्ये नेहमीच्या पद्धतीने सेटिंग्जमध्ये जाऊन संशयित ॲपचे पान उघडले की ते पान दिसते, ‘अनइन्स्टॉल’ हे अक्षर डोळ्यांना दिसते आणि बोट तिथे पोहोचण्याआधी पान आपोआप मिटून फोन होम स्क्रीनवर येतो. फोन बिघडला आहे असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात त्या ॲपला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मिळालेली असते. तिच्या बळावर ते पडद्यावर काय उघडले आहे हे वाचते आणि आपल्या वतीने ‘मागे’ हे बटण दाबते. सेफ मोडमध्ये आपण टाकलेली ॲप चालतच नाहीत, म्हणून त्याला हे करता येत नाही.

सेफ मोडमध्ये आल्यावर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘डिव्हाइस ॲडमिन’ असे लिहून ती यादी, म्हणजे फोनवर विशेष अधिकार दिलेल्या ॲपची यादी, उघडावी. तिथे फोन हरवल्यास शोधणारी सुविधा आणि क्वचित कार्यालयाचे ईमेल ॲप एवढेच असायला हवे. अन्य कोणतेही नाव सुरू दिसले तर ते बंद करावे, कारण हा अधिकार असेपर्यंत ॲप काढता येत नाही. त्यानंतर अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ या दोन याद्याही तशाच तपासाव्यात.

मग ॲपची संपूर्ण यादी उघडावी आणि ती शेवटपर्यंत सावकाश पाहावी. इथे घाई केली तर सगळी मेहनत वाया जाते. शोधायचे ते ॲप ‘ई-चलन’ या नावाने सापडेलच असे नाही. त्याचे नाव ‘सिस्टीम अपडेट’ किंवा ‘प्ले सर्व्हिस’ असू शकते, आणि काही वेळा नावाच्या जागी केवळ कोरी जागा व पारदर्शक चिन्ह असते. संशय असलेल्या प्रत्येक ॲपचे पान उघडून खाली जावे. ते कोठून इन्स्टॉल झाले याचा उल्लेख बऱ्याच फोनमध्ये तिथे असतो. तिथे प्ले स्टोअर किंवा फोन कंपनीच्या स्टोअरचे नाव नसेल आणि ते ॲप आपण जाणीवपूर्वक घेतलेले नसेल, तर ते काढावे. वाहक आणि दुसरे ॲप, दोन्ही सापडल्याशिवाय काम झाले असे समजू नये.

यानंतर ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ ही यादी उघडून व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम आणि फाइल मॅनेजर यांपुढील परवानगी बंद करावी. ही यादी सहसा ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’ या विभागात असते. मग फाइल मॅनेजरमध्ये ‘एपीके’ असा शोध घेऊन डाउनलोड आणि व्हॉट्सॲपच्या कागदपत्रांच्या फोल्डरमधील मूळ फाइल पुसावी. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये कागदपत्रे आपोआप डाउनलोड होण्याचा पर्यायही बंद करावा. शेवटी फोन नेहमीच्या पद्धतीने सुरू करून प्ले स्टोअरमधील प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप शोधणारी गुगलची सुविधा, सुरू आहे का ते पाहावे आणि तपासणी चालवावी. या फोनांमध्ये ते अनेकदा बंद केलेले आढळते, कारण फाइलसोबतच्या संदेशात ‘इन्स्टॉल होत नसेल तर प्ले प्रोटेक्ट बंद करा’ अशी सूचना असते.

फोन साफ झाला तरी काम अर्धेच झालेले असते. हे ॲप एसएमएस का मागते, ते समजून घेतले की उरलेले काम आपोआप लक्षात येते. यूपीआय सुरू करताना आपल्या सिमवरून एक पडताळणीचा एसएमएस जातो आणि त्यावरून खाते कोणाचे ते ठरते. ज्या ॲपला एसएमएस पाठवण्याची व वाचण्याची परवानगी आहे, ते असा एसएमएस आपल्या सिमवरून पाठवू शकते आणि आलेला ओटीपी चोराकडे वळवू शकते. त्याआधी ॲपच्याच एखाद्या पडद्यावर ‘दंड भरण्यासाठी’ म्हणून डेबिट कार्डाचा क्रमांक, त्याची मुदत आणि पिन भरून घेतलेला असतो. या दोन गोष्टी जमल्या की चोराला आपल्या फोनची गरज उरत नाही. म्हणून कार्ड बंद करून नवे घ्यावे, यूपीआय पिन आणि नेटबँकिंगचा पासवर्ड बदलावा, आणि आपल्या नंबरवर आणखी कोठे यूपीआय सुरू झाले आहे का, हे बँकेला विचारावे. पासवर्ड शक्यतो दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदलावेत.

व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी उपकरण दिसल्यास ते काढावे आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन ठेवावा. आपल्या नावाने फाइल जाणे ॲप काढूनही थांबत नसेल, तर कारण बहुतेक वेळा इथे सापडते. त्याचबरोबर कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे आपले कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले आहेत का, ते तपासावे. ही तपासणी फोनच्या कॉल सेटिंग्जमधून किंवा सिम कंपनीच्या ग्राहक सेवेमार्फत करावी, कारण एप्रिल २०२४ पासून दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार कोड दाबून कॉल फॉरवर्ड करण्याची सुविधा स्थगित करण्यात आली आहे आणि जुन्या माहितीतील कोड चालतीलच असे नाही.

एवढे करूनही लक्षणे राहिली तर फोन पूर्ण पुसणे, म्हणजे फॅक्टरी रिसेट, हाच मार्ग उरतो. त्यानंतर फोटो आणि संपर्क परत आणावेत, परंतु ॲप मात्र एकेक करून प्ले स्टोअरमधूनच घ्यावीत. रिसेटनंतरही जाहिराती किंवा अनोळखी ॲप येत असतील, आणि फोन अगदी स्वस्त, अपरिचित बनावटीचा असेल, तर दोष सिस्टीममध्येच घातलेला असू शकतो. अशा फोनवर बँकेचे कोणतेही काम करू नये.

दुरुस्तीनंतर जवळपास प्रत्येकजण विचारतो: मग प्ले स्टोअरबाहेरून ॲप घेणेच बंद करायचे का? याचे उत्तर मी सरसकट ‘हो’ असे देत नाही, कारण ते खरे नाही. एफ-ड्रॉइड हे केवळ मुक्त स्रोत ॲपचे भांडार २०१० पासून चालू आहे आणि तिथे प्रत्येक ॲपचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो. फोनपेचे इंडस ॲपस्टोअर २०२४ मध्ये आले. सॅमसंगसारख्या कंपन्यांची स्वतःची स्टोअर आहेत. दुसरीकडे, प्ले स्टोअरही निर्दोष नाही: २०१९ मध्ये कॅमस्कॅनर या कोट्यवधी फोनमध्ये असलेल्या ॲपच्या जाहिरातींच्या भागात कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांना घातक कोड सापडला आणि ते ॲप काही काळ स्टोअरमधून काढले गेले.

तरीही दोन्ही बाजू सारख्या आहेत असे म्हणता येणार नाही. स्टोअरमध्ये घातक ॲप सापडले की ते काढले जाते आणि प्ले प्रोटेक्ट ते फोनमधूनही बंद करू शकते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फाइलचा असा कोणी मालक नसतो. म्हणून मी कसोटी एवढीच ठेवतो: ॲप मी स्वतः शोधत गेलो होतो की ते माझ्याकडे चालत आले? स्वतः निवडलेल्या, नाव-गाव असलेल्या ठिकाणाहून आणलेले ॲप विचारपूर्वक वापरता येते. संदेशातून आलेली एपीके फाइल, मग ती कोणीही पाठवलेली असो, इन्स्टॉल करू नये, आणि या नियमाला मी अपवाद ठेवत नाही. सरकारी कामाला अशा फाइलची गरजच पडत नाही. चलन पाहायचे तर परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर वाहनाचा तपशील घालून ते दिसते, आणि एमपरिवहन ॲप प्ले स्टोअरवर आहे. पत्रिका तर चित्र किंवा पीडीएफ असते. ती पाहण्यासाठी काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही.

दुसरी खूण परवानग्यांची. भाव सांगणाऱ्या किंवा पत्रिका दाखवणाऱ्या ॲपने एसएमएस, सूचना किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटी मागितली, तर तिथेच थांबावे. २०२४ च्या अखेरीपासून गुगलने भारतात प्ले प्रोटेक्टमध्ये अशी सोय आणली की ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून येणारे ॲप याच परवानग्या मागत असेल तर त्याचे इन्स्टॉलेशन आपोआप रोखले जाते. प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणारा माणूस नेमका हाच अडसर दूर करून घेत असतो.

मूळ ॲपच्या बदललेल्या आवृत्त्यांविषयी, म्हणजे जीबी व्हॉट्सॲपसारख्या ॲपविषयी, माझे मत स्पष्ट आहे: ती वापरू नयेत. अशी ॲप मूळ कंपनीच्या स्वाक्षरीने येत नाहीत, त्यांत कोणी काय घातले आहे हे आपल्याला तपासता येत नाही, आणि व्हॉट्सॲप अशी खाती तात्पुरती बंदही करते.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी शहरात सुरू आहे आणि निवास, वाहनतळ, स्नानाच्या वेळा अशा नावांनी फाइली फिरू लागल्या तर आश्चर्य वाटू नये. गटाच्या ॲडमिनकडे यावर एक प्रभावी उपाय आहे: व्हॉट्सॲपच्या गटात ॲडमिनला कोणत्याही सदस्याचा संदेश सर्वांसाठी पुसता येतो. एपीके दिसताच ती पुसावी, ज्याच्या नंबरवरून आली त्याला संदेश न पाठवता प्रत्यक्ष फोन करून कळवावे, कारण त्याचे संदेश त्या वेळी दुसरेच कोणी वाचत असू शकते, आणि त्याचा फोन साफ होईपर्यंत त्याला गटातून तात्पुरते काढावे. हे न केल्यास तीच फाइल गटात तशीच राहते, आणि आज साफ केलेल्या फोनवर किंवा त्याच घरातील दुसऱ्या फोनवर ती कोणीतरी पुन्हा उघडते. म्हणून फोन परत देताना मी त्या घरातील इतर फोनही आणून दाखवायला सांगतो.